एप्रिलपर्यंत

पाणी गोठतं. डिझेल थिजतं.
आधी नुसतं गढूळ होतं,
म्हाताऱ्या घोडीच्या डोळ्यासारखं,
मग मेणाचे कण फिल्टरच्या कागदाला धरतात
आणि ट्रक एकदा खोकतो, दोनदा खोकतो,
रस्त्याच्या मधोमध उभा राहतो.
मग कितीही केरोसीन ओता.
"ओतायचं ते आधी," अफानासी म्हणायचा,
"थिजल्यावर फक्त शिव्या घालता येतात,
त्याही मिशीला लटकून राहतात."

उणे एकावन्न.
ऑक्टोबरात लावलेलं इंजिन
एप्रिलपर्यंत बंद करायचं नाही,
याकुतियातल्या आमच्या गावाचा हा रिवाज.
कोण परतलंय, कुणाचा नवरा खिंडीत अडकलाय,
अंथरुणातूनच ऐकू येतं.

तो गेला डिसेंबरात.
खिंडीत नाही, रस्त्यावर नाही,
स्वयंपाकघरात,
चहातली साखर विरघळायच्या आत.
कबरीसाठी तीन दिवस लाकडं जाळली,
जमीन वीतभर सैल व्हायची,
खणायचं, की पुन्हा निखारे.
आणि अंगणात त्याचा ट्रक चालूच.

बंद कर, असं कुणी म्हणालं नाही.
केस्किलने टाकीला जुना नमदा गुंडाळला,
रेडिएटरपुढे पुठ्ठा बांधला.
हिवाळी डिझेल संपलं
तेव्हा उन्हाळी उसनं आणलं,
बादलीत केरोसीन ओतता ओतता थांबला:
किती, ते बाबांना विचारायला
दारापर्यंत आलाही होता.

शेजारची अकुलिना हिशेब मांडते,
एवढ्या तेलात तू याकुत्स्कला
चारदा जाऊन आली असतीस.
असते. काय आणलं असतं?

फेब्रुवारीत एका पहाटे
धडधड अडखळली.
मी तशीच मोज्यांवर बाहेर धावले.
केस्किल आधीच तिथे,
टाकीखाली ब्लोलॅम्प धरून,
आजारी माणसाचे तळवे शेकावेत तसा.
विझेल, पेटेल, काहीही होईल,
दोघं बोललो नाही.
मग इंजिनाने श्वास धरला.
पायांना थंडी वाजते आहे
हे मला त्यानंतर कळलं.

आज छपरावरून पहिला थेंब पडला.
केस्किल केबिनचं दार उघडून म्हणतो,
"आई, तूच कर."
मी चढते. सीट उबदार आहे.
आरशाला त्याचा एक हातमोजा लटकलेला.
किल्लीवर हात ठेवते.

"रात्री अजून उणे वीस जातंय," मी म्हणते.
"पुढच्या आठवड्यात बघू."