दहा ठिकाणं

सूर गावात, खाडीच्या तोंडाशी, तिसरं घर.
आज नाखवा मुबारक यांचे पाय.
आमच्या हर्णैतही नाखवाच म्हणतात;
हा शब्द कुणी कुणाकडून उचलला, ठाऊक नाही.

डोळे मिटा. लागलं की सांगा.
नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवते,
वाकेपर्यंत दाबते.
अंगठा. झैन, म्हणतात.
करंगळी. झैन.
बंदरावरच्या कारकुनाला माल सांगावा
तशा एका सुरात दहाही ठिकाणं झैन.

डाव्या टाचेत काच निघाली.
किती दिवसांची, सुनेलाही माहीत नाही.
याच पायांना एके काळी
फळीखालचं पाणी कळायचं,
वारा फिरायच्या आत.

साखरेचा आकडा लिहिते,
दहाचा रकाना कोरा ठेवते.
पास ना? ते विचारतात.
मी टाच धुते.

रात्री आईला फोन.
पाय बघितलेस?
मला काय धाड भरलीय.
शेजारच्या मितालीला म्हणते, कॅमेरा खाली धर गं.
लादी येते, मग सुक्या बोंबलांची टोपली,
मग पाय, भेगा, चवड्याखाली काळसर काहीतरी.
डाग आहे की खवलं चिकटलंय,
कळायच्या आत चित्र थिजतं.
आवाज मात्र चालू.

मिताली, तिथे बोट दाब.
आई, लागतंय का?

लागतंय की, चांगलं लागतंय.

आणि मागून, हळूच:
ताई, मी अजून
हात लावलाच नाही.