अक्षरी सहा

पट्टेवाल्यानं नाव पुकारलं ते चुकीचं.
येमूलचं यमूल केलं, वर यमाचा हेल.
मी उठलो. आमच्या पेठेतले बरेच जण
चुकीच्याच नावाला उठतात.

तसा मी दुहेरी पंच.
अशोक चौकात जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडतो,
त्याला सगळे पंचिंगच म्हणतात.
भोक असेल तिथला धागा उचलला जातो,
नसेल तिथला खाली राहतो,
चादरीवरचा मोर एवढ्यावरच उभा.
एक भोक चुकलं की पाय लंगडा,
आणि तोच लंगडा पाय चाळीस चादरींवर.

दुसरा पंच झालो साखर पेठेत,
रात्री पावणेबाराला. बिडी घ्यायला थांबलो होतो.
हवालदार म्हणाला, ‘मास्तर, पाच मिनिटं.’
त्या पाच मिनिटांची साडेचार वर्षं झाली.

समन्स आलं तेव्हा बायकोनं तेलुगूत विचारलं,
सही का केलीत?
तेलुगूत ते जास्त लागतं.
मालकानं खाडा मांडला.
माझ्यासोबतचा पंच, पानटपरीवाला,
भिवंडीला गेला आणि शहाणा ठरला.

आवारात अर्ज लिहिणारे आराध्ये म्हणाले,
‘पूर्वी म्हणे न्यायाला माणसं बसवायचे,
तुमच्यासारखीच, कामधंद्याची.
आता तुम्ही दोघं, त्यातला एक भिवंडीला.’
आणि थुंकी लावून तिकीट चिकटवलं.

‘सही तुमचीच?’
‘माझीच.’
‘पोती सात?’
सरकारी वकिलांचा आवाज उताराला लागलेला,
मी नुसतं हो म्हणायचं, की ते जेवायला मोकळे.

बॅटरीचा उजेड आठवला.
सुताची पोती, फाटक्या तोंडातून निळे कोन.
माझी बोटं डोळ्यांआधी मोजतात.
सहा.
सातवं मी येण्याआधीच जीपमध्ये होतं.
कुठून आलं, पाहिलं नाही.
कागदावर सात लिहून तयार होतं,
चहा आला होता, झोप आली होती,
मी सही केली.
हेही सांगितलं. हे सांगताना कठड्याला धरलं.

‘फितूर,’ सरकारी वकील म्हणाले.
आरोपीचा वकील हसला, तेही आवडलं नाही.
त्या पोराच्या बाजूनं मी बोललो नव्हतो.
सहा पोती त्याच्याच गाळ्यात होती,
तेही मीच सांगितलं.
बाकावरच्या त्याच्या आईनं तेवढंच ऐकलं.

टायपिस्टबाई थांबल्या. ‘आकडा?’
‘सहा.’
‘अक्षरी?’
‘अक्षरीही सहाच, बाई.’

निकाल काय लागेल, माहीत नाही.
खाली खिडकीवर भत्ता मिळतो,
खाड्यापेक्षा कमी.
कारकुनानं रजिस्टर सरकवलं, बोट ठेवलं: इथं सही.
मी वरची ओळ वाचायला घेतली. मग तिच्या वरची.
मागं रांग कुरकुरायला लागली.
मी म्हटलं, पाच मिनिटं.