अक्षरी अठरा रुपये

मी नावं रंगवतो. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर
ट्रॉलरच्या नाळेवर नाव, खाली नंबर.
अक्षरी अठरा रुपये, सावली दिली तर बावीस,
काना-मात्रेचे वेगळे घेत नाही.

आशेर साळवे कागद घेऊन आला
तेव्हा मी 'सागरकन्या'मधला 'न्या' सुकायची वाट बघत होतो.
कागदावर होतं: येशू ख्रिस्ताचे उत्तरकालीन संतांचे मंडळ.
पहिले दोन शब्द मोठे हवेत, म्हणाला,
बाकीचे त्याच्या निम्म्यानं.
मी म्हटलं, तुम्हाला मॉर्मन म्हणतात ना?
तीन अक्षरांत भागेल.
तो हसला नाही. ते लोकांनी ठेवलेलं, म्हणाला,
काही वर्षं आम्हीही वापरलं. आता नको.

त्याच्यामागे दोन पोरं, पांढरे सदरे,
एक राजमहेंद्रीचा, एक कुठल्या बेटावरचा,
खिशावर काळी पट्टी: एल्डर.
म्हणजे वडीलधारे.
दोघांत मिळून एक मिशी नव्हती.

संध्याकाळी गुदिन्हो आले. कस्टममधून रिटायर,
पेटीवर काय लिहिलंय ते वाचून
मगच पेटी उघडायची, ही जन्माची सवय.
"लेबल एक, माल दुसरा," ते म्हणाले.
"बाप, पुत्र, पवित्र आत्मा, तिघं मिळून एकच देव,
हे ते मानत नाहीत. वर आणखी एक पुस्तक.
त्यांचा बाप्तिस्मा आम्हाला चालत नाही,
आमचा त्यांना.
मग ते ख्रिस्ती कसे, तूच सांग."
मी ब्रश घासलेटात बुडवून ठेवला.

आणि रात्री एक फोन, वसईहून कोणी:
आमचं मंडळ निराळं. मूळ वाट आम्ही धरलीय,
ते ढळले. मॉर्मन हे नाव त्यांनी टाकलं,
आम्ही नाही टाकलं.
उरलेली फळी असेल तर सांगा.

अब्बांच्या दाखल्यावर 'दालदी' होतं.
माझ्यावरचं हेडमास्तरांनी ब्लेडनं खरवडून
'कोकणी मुसलमान' केलं.
उजेडात धरला की कागद तिथं अजून पातळ दिसतो.
माझ्या सोयरिकीच्या बैठकीत
वरच्या मोहल्ल्यातली एक चाची म्हणाली,
कोकणी काय, कोणीही म्हणवून घेईल.
अब्बा उठले नाहीत.
चहा संपवला, बशीत सांडलेलासुद्धा.

शिमग्यानंतर आशेरची आई गेली.
रूथबाई. मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं.
माझ्या दोन्ही मुली तिच्या हातावर आल्या.
मुलामागोमाग तीही त्या मंडळात गेलेली,
म्हणून दफनभूमीच्या कमिटीत दोन तास बोलणं.
शेवटी जागा मिळाली, गडग्यालगत,
एका अटीवर: वर क्रूस हवा.
आशेर म्हणाला, आम्ही क्रूस लावत नाही,
आम्ही त्याला जिवंत मानतो.
पाळकांची बायको, सुलभाबाई, म्हणाल्या,
आणि आम्ही काय मेलेला मानतो?

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं,
जसं काही ब्रश माझ्या हातात म्हणजे निकालही.
मी लिहिलं: रूथ मनोहर साळवे. सुईण.
वर वीतभर जागा सोडली, पांढरी.
पैसे घेतले नाहीत.
'सुईण' लिही असं कोणी सांगितलं नव्हतं.
खोडलंही नाही कोणी, अजून तरी.

हॉलची पाटी लागली जाळ्यांच्या दुकानावर.
नवव्या दिवशी 'ख्रिस्ताचे'वर
कोणीतरी डांबर फासलं,
आपल्याच धक्क्यावरचं, वासावरून कळलं.
सकाळी आशेर फळी खांद्यावर घेऊन हजर.
गुदिन्हो टपरीवर चहा घेत होते,
त्यांनी बघितलं, कप खाली ठेवला,
काही म्हणाले नाहीत. रॉकेलची चिंधी मात्र पुढे केली.

किती होतील, आशेरनं विचारलं.
मी बोटांवर मोजलं.
तीन, म्हटलं.
जोडाक्षर मी एकच धरतो.