बर्फाचा नमुना

वडोदऱ्याला समुद्र नाही.
तो वेरावळहून ट्रकनं येतो,
रात्रभर रस्त्यावर ठिबकत,
आणि पहाटे थर्माकोलच्या खोक्यांतून उतरतो.

इंदुआत्यानं मला बाजार शिकवला
दांडिया बाजारातून चालत जाता जाता.
पिशवीत पिशवी, आतल्या पिशवीत वर्तमानपत्र,
सगळ्यात वर मेथीची जुडी, ती शेजाऱ्यांसाठी.
"डोळा वर आलेला हवा. कल्ला उचल. लाल आहे?
बोटानं दाब. खड्डा राहिला तर पुढं चल."
दिवाळीबेन माछी पाट्यावर सुरी फिरवत म्हणायची,
"तमारी फोई तो डॉक्टर छे."

डॉक्टर आमच्यात कुणीच झालं नाही.
मी सरकारी प्रयोगशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
पंचवीस ग्रॅम कोळंबी मोजून घेते,
खारट पाण्यात घुसळते,
सदतीस अंशांच्या कपाटात ठेवते
आणि घरी जाऊन भात लावते.
पुढं हिरव्या खळीच्या बशीवर रेघ ओढायची,
आणखी एक रात्र थांबायचं.
मग पिवळे ठिपके, सपाट, चकचकीत,
लग्नाच्या पत्रिकेला कुणी
हळदीचं बोट लावून गेल्यासारखे.

त्यांना वास नसतो.
मला राग येतो तो याचाच.
आत्याचं नाक, जे तीन दुकानं आधी
शिळा बोंबील ओळखायचं,
ते या बशीपुढं नुसतंच एक नाक.

जूनमध्ये नमुना एकशे बारा नापास झाला.
दिवाळीबेनचा.
वाघेलासाहेबांनी कागद चिकटवला, पाटा उलटा केला.
ती भांडली नाही.
एक कोळंबी उचलून माझ्या नाकाशी धरली.
ताजी होती. खरंच ताजी होती.
डोकं घट्ट, साल काचेसारखी,
आत्यानं भाव न करता घेतली असती.

"दरियो मारो," ती म्हणाली,
"पण बरफ मारो नथी."

मी परत फिरले होते. चार पावलं.
मग खोक्यातला एक तुकडा फोडून
उकळलेल्या बाटलीत टाकला.
बोटं बधिर झाली, अजून आठवतात.

दोन रात्रींनी बशीवर तेच ठिपके.

कारखाना पाणीगेटच्या मागच्या गल्लीत.
हौदाला तडा, तड्याशेजारून गटाराचा पाईप,
आणि वर भिंतीवर लक्ष्मीचा फोटो, ताजा हार.
मालक फार सज्जन. त्यानं मला सरबत विचारलं.
मी हातगाड्या मोजत उभी राहिले.
एक लादी मासळीबाजाराकडं.
एक उसाच्या रसवाल्याकडं.
दोन सुरसागरच्या काठी, गोळेवाल्याकडं.
आणि सहा, गोणपाटात गुंडाळून,
कुणाच्या तरी लग्नाला,
जिथं दारावर पाटी होती, शुद्ध शाकाहारी.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या जिग्नाबेन
मी मासे तळले की खिडकी लावून घेतात.
त्यांचा नातू रोज संध्याकाळी काळाखट्टा खातो.
त्याची जीभ मला डोळ्यांपुढून हलेना.

अहवालात रकाना असतो: पदार्थाचा प्रकार.
मासा, कोळंबी, खेकडा, शिंपले, इतर.
मी 'इतर'वर खूण केली
आणि समोर लिहिलं, पाणी, गोठलेलं.
वाघेलासाहेब म्हणाले, असं लिहितात का कुठं?

तरी हौद बुजवला. नऊ दिवस गेले त्यात.
नऊ दिवस दिवाळीबेन
जावयाच्या रिक्षात बसून लसूण विकत होती.
तिची भरपाई कुठल्या रकान्यात,
हे मला अजून सापडलेलं नाही.

दहाव्या दिवशी तिनं मूठभर जास्त घातली.
मी घरी आणली, धुतली, दोरा काढला.
आत्या सांगायची,
कोळंबी अर्धी वळली की उतरव,
पूर्ण वळली की ती तुझ्यावर रुसली.
मी घड्याळ लावून बसले.
वळली, पूर्ण वळली, मी उतरवली नाही.
आणखी चार मिनिटं.

जेवताना दाताखाली रबर.
आत्या असती तर
बोलली नसती काही,
ताट फक्त थोडं पुढं सरकवलं असतं.