शेवटच्या रांगेपर्यंत

सोहारमध्ये सकाळी आठलाच
बसच्या दाराची दांडी हातात धरवत नाही.
मुलं उतरतात बाही तळहातावर ओढून,
पाण्याच्या बाटल्या गुडघ्यांवर आपटत,
आणि मी खाली, वही घेऊन:
रुमैथा, जेरिको, अन्वित, तस्नीम,
इवाना, आणि इवानाचा भाऊ,
नाव विचारलं की पाठ फिरवणारा.
चौतीस.
त्यांना हॉलच्या दारात पोचवून मी परत येते

आणि चढते.
रिकामी बस, तेरा रांगा,
डावीकडे वाकून, उजवीकडे वाकून,
मागच्या काचेवर टकटक करेपर्यंत
कुंजुमोन एसी बंद करत नाही.
हे आम्ही कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.
कधीतरी एक बातमी त्याने वाचली होती, मीही वाचली होती.
दोघांनी ती एकमेकांना सांगितली नाही.

बाकी कागद पुष्कळ.
शेंगदाणा कुणाला चालत नाही, म्हणून महिनाभर
माझ्या डब्यातली चटणीसुद्धा बंद.
दम्याचा पंप कुणाच्या दप्तरात, कुठल्या कप्प्यात.
न्यायला कोण येईल, आणि कोण आलं
तरी पाठवायचं नाही.
अन्वितच्या कानातल्या यंत्राच्या बॅटऱ्या:
दोन त्याच्याकडे, दोन माझ्या पर्समध्ये.
मदतीला आलेली कॉलेजची पोरं हसतात. हसू देत.
एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड
मोठ्या माणसाने बसायचं नाही,
हे त्यांना मी तीनदा सांगितलं,
चौथ्यांदा स्वतःला,
कारण एसी वाया जातो म्हणून
दार ओढून घ्यायची सवय मलाही आहे.

मंगळवारी वहीत चौतीस होते.
चौतीस खुणा, माझ्याच हातच्या.
हॉलमध्ये ढोल सुरू झाला होता,
बॅडमिंटनच्या त्या पत्र्याच्या छताला लागून
आवाज दुप्पट होऊन परत येतो.
मी अकराव्या रांगेपाशी आले
आणि सीटखाली एक सँडल दिसली.
सँडलमध्ये पाय.

जेरिको.
गुडघे पोटाशी, हात कानांवर.
तो उतरला होता, मोजला गेला होता,
आणि कुंजुमोन टायर बघत असताना
परत चढला होता.
वही खोटं बोलली नव्हती.
ती दारातच थांबली होती, इतकंच.

ओरडायला तोंड उघडलं होतं मी, खरं सांगते.
तो म्हणाला, इथे आवाज नाही.
मग म्हणाला, आणि तू येतेसच.

बाहेर सत्तेचाळीस.
मी शेजारच्या सीटवर बसले, एसीत घाम पुसत.
किती सकाळी नवव्या रांगेपासूनच
पाऊल मागे वळायला बघायचं:
गुडघा धरलाय, उशीर झालाय,
दिसतंय की सगळं रिकामं.

त्याच दुपारी रंगमंचाच्या पडद्यामागे
योगाच्या चार चटया घातल्या.
कुणीही जावं, केव्हाही,
का म्हणून कुणी विचारायचं नाही.
पडदा अर्धा उघडा, बाहेर खुर्चीवर आमच्यातलं एक जण.
पहिल्या दिवशी तिथे जेरिको.
दुसऱ्या दिवशी रुमैथा,
जी ढोल वाजवत होती तीच.
पुढच्या आठवड्यात इवानाचा भाऊ आत गेला
आणि त्याने जेरिकोला आपलं नाव सांगितलं.
मला अजून सांगितलेलं नाही.
वहीत आहे म्हणा.
पण मी ते वापरत नाही.

शेवटच्या दिवशी तस्नीमची आई
खजुरांचा अख्खा घोस घेऊन आली,
अर्धे पिवळे, अर्धे मऊ, तपकिरी.
मुलांना न्यायला घरचीच माणसं आली होती.
चौतीस सह्या घेतल्या,
एका काकांना ओळखपत्र आणायला परत पाठवलं,
ते रागावले, आणि आणलं.

मैदान मोकळं झालं.
कुंजुमोन म्हणाला,
आज बसमध्ये कुणी बसलंच नाही, मॅडम,
सकाळपासून इथेच उभी आहे.
मी म्हटलं, हो.
आणि चढले.
त्याने एसी सुरू केला.