चौथी सळई

भरमाण्णा मुतगेकर पिशवीतून काढून
काउंटरवर ठेवतात एक ठोकळा,
साबणाच्या वडीएवढा, चार बटणांचा.
"सेल कुठं घालायचे?"
"सेलच नाही की त्याला."

खरंच नाही. वायर नाही, दिवा नाही.
आत अॅल्युमिनियमच्या सळ्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या,
आणि प्रत्येकीच्या डोक्याशी एक इवली हातोडी,
बटण दाबताच मारून मागं सरणारी.
आपल्याला ऐकू येतं ते फक्त टक्.
सळईचा सूर आपल्या कानांच्या वरून जातो.
तो टीव्हीला कळायचा.
चार लांब्या, चार हुकूम:
पुढं जा, मागं ये, गप्प बस, झोप.

बोटीवरच्या मेव्हण्यानं आणलेला सेट.
"आमची ही ट्रंकेवर किल्ल्या टाकली
की बातम्या बंद!
किती वर्षं भांडलोय तिच्याशी.
किल्ल्यापण तीच भाषा बोलतात, कुणाला ठाऊक?"

'पुढं जा'ची सळई हरवलेली.
"मी करून आणलोय." रुमालाची घडी उलगडते.
यमनापूरच्या कारखान्यात तीस वर्षं
ह्याच धातूचा रस बघितलेला माणूस.
सळई सुबक. केसभर लांब.

घासायची. पण कितपत?
जो सूर ऐकू येत नाही, तो जुळवायचा कसा?
पायरीवर समोरच्या इराण्णाचं कुत्रं झोपलेलं.
टक्. त्याचा एक कान उभा.
म्हणजे वाजते.
कानस दोनदा. टक्. कान उभा.
पुन्हा कानस. टक्. पुन्हा कान.
कुत्र्याला सूर कळतो,
बरोबर की चूक, ते नाही.

कोपऱ्यात रिक्षातून आणलेला सेट, प्लग लावून ठेवलेला.
अकराव्या की बाराव्या टक्‌ला
आतली मोटर कण्हली
आणि चॅनेलचा खटका आपोआप
एक घर फिरला. कटक्.

पडदा काळाच.

"पिक्चर ट्यूब?"
"मिळणार नाही. कोल्हापूरला विचारलं, हुबळीला विचारलं."
"असू दे की."
स्टूल ओढून ते सेटसमोर बसले,
एका काळ्यावरून दुसऱ्या काळ्यावर जात राहिले.
मुलूख कुठला, बातम्या कुणाच्या,
काही कळायला मार्ग नाही.
मध्येच म्हणाले, "मागचं लावतो थांब,"
आणि खरंच मागचं लावलं.

कुत्रं वैतागून उठलं,
रस्ता ओलांडून इराण्णाच्या दारात जाऊन पडलं.
तिथवरही जात असणार.
एक कान अजून इकडंच होता.