कानातला आवाज

उल्लापूलची बोट वाऱ्यामुळे तिसऱ्या दिवशीही सुटली नाही,
म्हणून मी इनव्हर्नेसात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी,
आणि मार्सली पलीकडे लुइस बेटावर,
नेसच्या शाळेत, उजव्या कानात माझा आवाज खोचून.

पडद्यावर अर्धी खिडकी, तिचं कोपर,
टॉर्मडचं डोकं. वय सात.
मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
झाकण घट्ट. मुद्दामच घट्ट.
शेजारी कार्ड, त्यावर उघड्या डब्याचं चित्र.

"लगेच उघडू नकोस," मी सांगते.
"हात मागे. पाच मोज.
चेहरा शांत. छान.
आता नजर कार्डाकडे. बोलू नकोस. छान, छान."

माझं 'छान' समुद्र ओलांडेपर्यंत
दोन सेकंद जातात.
तोवर तिचा हात झाकणावर गेलेला असतो
आणि शाबासकी नेमकी त्या चुकीच्या पदरात पडते.

तो तिचा हात धरून डब्यावर आपटतो,
अडकलेलं अवजार आपटावं तसा.
मग कानांवर तळवे.
ते पाहून मी आणखीच बोलते.
वहीत टिपते: शब्द फार होतात. एका वेळी एकच सूचना.
हे तिच्याबद्दल टिपते.

अकरा वाजून सात मिनिटांनी चित्र गोठलं.
मार्सलीचं तोंड अर्धवट उघडं, टॉर्मड धूसर.
ऐकू येतंय का, मी ओरडले,
मग हळू विचारलं,
मग नुसतीच बसले.
केटली उकळून आपोआप बंद झाली.

बेट परत आलं तेव्हा डबा उघडा होता.
टॉर्मड ओटकेकची फक्त कड कुरतडत होता,
गोल फिरवत, मधला भाग राखून.
आणि कार्ड मार्सलीच्या तळहातात,
एक कोपरा ओला, चावलेला.

काय केलंस?

"काहीच नाही. तुमचा आवाज गेला,
पुढची सूचना येईल म्हणून थांबून राहिले.
पाच कुठले, चाळीस तरी मोजले असतील.
तो कार्डाकडे बघतसुद्धा नव्हता,
बाहेर दोरी खांबावर आपटत होती, तिकडे बघत होता.
मग उचललं. टाकलं. पुन्हा उचललं."

आणि कॅमेऱ्याकडे न बघता:
"खरं सांगू? कान रिकामा झाला
तेव्हा मला तो दिसला."

तीन आठवडे मी तिचे कान भरत होते.
कुणाविरुद्ध नाही, तिच्या भल्यासाठीच,
पण भरत होते.

पुढच्या गुरुवारी बोट सुरू झाली होती.
तरी मी गेले नाही.
टेबलाशी बसले, माइक बंद केला,
खोकला आला तो सवयीने गिळला.
टॉर्मड आज डब्याच्या तळाशी नखाने खरवडत होता.

आठव्या मिनिटाला मार्सलीने विचारलं,
"आहात ना?"

माइक उघडला. आहे, म्हटलं.
बंद केला.

दोन सेकंदांनी तिची मान हलली.